कासुएलाशी झटापट

जानेवारीत सान्तियागोत ऐन उन्हाळा. पारा तिशीच्या वर, आणि ला वेगा सेंत्राल बाजारातल्या खानावळीत यच्चयावत गिऱ्हाईक वाफाळत्या वाडग्यांवर वाकलेलं! मला खरं तर थंडगार सरबत हवं होतं. पण चिलीत येऊन कासुएला खायची नाही म्हणजे काय? मी गोमांसाची मागवली. बायकोनं, नको ती परीक्षा म्हणून, कोंबडीची.

वाडगं आलं. पातळ रस्सा, मधोमध हाडासकट मांसाचा भला थोरला तुकडा. भोवती अख्खा बटाटा, सालीसकट भोपळ्याची फोड, चार बोटं लांबीचं मक्याचं कणीस, थोडी फरसबी, तळाशी भात. चिरण्याचे कष्ट कुणी घेतलेलेच नव्हते. प्रत्येक जण आपापला सातबारा घेऊन बसलेला! बटाटा, मका, भोपळा हे अमेरिका खंडातले मूळचे रहिवासी. गाय आणि तांदूळ आले स्पॅनिशांच्या मागोमाग. त्यांच्यातल्याच वाल्दिव्हियानं हे शहर वसवलं 1541 साली. इतकी शतकं लोटली, तरी मंडळी एका रश्शात राहून एकमेकांत मिसळायला तयार नाहीत.

चमच्यानं बटाटा फोडायला गेलो, तर त्यानं बुडी मारली आणि भोपळ्याच्या पलीकडून डोकं वर काढलं. कणसात काटा शिरेना. शिरला तेव्हा रस्सा शर्टावर होता. नेरुदांनी काँग्रियो माशाच्या रश्शावर कविता लिहिली ते उगाच नाही. मासा निमूट चमच्यात येतो. त्यात कणीस असतं तर कवीचा हात लेखणीऐवजी रुमालाकडे गेला असता.

शेवटी समोरच्या हमालाला दया आली. खुणांनीच शिकवणी सुरू झाली: आधी रस्सा पिऊन टाकायचा, मग उरलेल्यात बटाटा-भोपळा कुस्करायचा, मग मांस, आणि कणीस सरळ हातात धरायचं. चव झकास, मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. तिखटाच्या नावानं मात्र शंख. बायकोनं पेब्रेची वाटी ओढली. कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, व्हिनेगर. वाटी सबंध टेबलाची होती. तिनं ती एकटीच्या वाडग्यात उपडी केली. हमालानं डोक्यावरची टोपी काढली.

जेवणाच्या पैशांत कलिंगडही होतं. आलं ते परातभर, सालीबियांसकट. हमालानं सुरी पुसली आणि बायकोपुढे सरकवली. मला विचारलंसुद्धा नाही.