आडव्या बाटलीचा हिशेब

महाराष्ट्रात सामान्य माणसाला थेट प्रश्न विचारून त्याचं उत्तर सरकारने मुकाट्याने मान्य करायचं, अशी सोय बहुधा एकाच बाबतीत आहे आणि ती दारूच्या दुकानापुरती आहे. गावात दुकान नको असेल तर बायकांनी निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी व्हायची, मग एके दिवशी मतपेटी येते. मतपत्रिकेवर दोनच चित्रं : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद. पण तिने जिंकायचं कसं, याचा नियम मोठा कडक आहे. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत. यादीत नाव असलेल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. जी बाई त्या दिवशी ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली आहे, ती नियमाच्या लेखी दारूच्या बाजूची.

खासदार निवडायला असली अट नाही. २०२४ च्या लोकसभेला धाराशिवकरांनी ओमराजे निंबाळकरांना साडेसात लाखांच्या आसपास मतं दिली आणि ३ लाख २९ हजार ८४६ चं मताधिक्य. मताधिक्याचा आकडा ऐकून मुंबईच्या वाहिन्यांनी तो दोनदा तपासून घेतला असेल. मात्र मतदारयादी वीस लाखांच्या घरातली. आडव्या बाटलीच्या नियमाने मोजलं तर एवढ्या लाटेतही दुकान उघडंच राहिलं असतं.

सार्वमताची हौस असलेल्यांनी जरा बाहेरचे अनुभवही बघावेत. ब्रिटनने २०१६ मध्ये लोकांना विचारलं, युरोपात राहायचं की निघायचं? ५१.९ टक्के म्हणाले, निघायचं. त्यानंतरच्या सहा वर्षांत तिथे पाच पंतप्रधान दिसले आणि घराघरांत जेवणाच्या टेबलावर भांडणं झाली. गोव्याने १६ जानेवारी १९६७ ला कौल दिला : महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरणासाठी जन्मलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा एककलमी कार्यक्रम जनतेने निकालात काढला आणि दोन-अडीच महिन्यांनी निवडणूक आली तेव्हा त्याच पक्षाला सत्तेवर बसवलं. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एक आणि माणसाबद्दलचं मत दुसरं, हे गोवेकरांना जमलं, कारण त्यांना प्रश्न वेगवेगळे विचारले गेले.

धाराशिवला ते भाग्य नाही. इथे सगळे प्रश्न एकाच यंत्राच्या एकाच बटणात कोंबलेले असतात.

नावाचंच घ्या. जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद बदलून धाराशिव करायचं ठरलं ते २९ जून २०२२ ला, उद्धव ठाकरे यांच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत. त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला. नव्या सरकारला हा निर्णय इतका आवडला की तो रीतसर नाही असं म्हणून त्यांनी सतरा दिवसांत तोच पुन्हा घेतला. त्यामुळे श्रेयाचे फलक दोन लागले, दोन्ही बाजूंना पेढे कुंथलगिरीचेच. लोकांनाही विचारलं, नाही असं नाही. ‘हरकती व सूचना’ मागवल्या. हा आपल्या शासनाचा लाडका प्रकार. लग्नाची तारीख, कार्यालय, आचारी सगळं ठरल्यावर मुलीला ‘तुझं काही म्हणणं आहे का गं?’ असं विचारतात, तसा. एका गटाने हौसेने हरकती लिहिल्या, दुसऱ्याने हौसेने सूचना, पोच मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली.

एवढं होऊनही निवडणूक आयोगाच्या दप्तरी हा मतदारसंघ उस्मानाबादच, क्रमांक चाळीस. मतदारसंघांची नावं पुनर्रचनेतच बदलतात आणि ती काही उद्या होत नाही. तेव्हा ७ मे २०२४ ला धाराशिवच्या लोकांनी उस्मानाबादसाठी मतदान केलं, दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि ४ जूनला धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उस्मानाबादचा निकाल जाहीर केला. नामांतराचे समर्थक आणि विरोधक दोघांचंही समाधान करणारं ते देशातलं बहुधा एकमेव कार्यालय.

आता लोकांच्या वैतागाकडे येऊ. २०१९ मध्ये जिल्ह्याने धनुष्यबाणावर तीन आमदार पाठवले, भाजपशी असलेल्या युतीच्या नावाने. सरकार आलं ते काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर. बरं म्हणेपर्यंत जून २०२२ उजाडला, शिवसेनेत एकनाथ शिंदे यांचं बंड झालं आणि मतं सुरतेच्या रस्त्याला लागली. परंड्याचे तानाजी सावंत आणि उमरग्याचे ज्ञानराज चौगुले शिंदे गटात गेले. धाराशिवचे कैलास पाटील मात्र, त्यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे, गुजरातच्या सीमेजवळ लघुशंकेच्या निमित्ताने गाडीतून उतरले, भर पावसात काही किलोमीटर चालले, एका दुचाकीवर बसले, मग ट्रकने मुंबईत आले. या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींचं वाहनांशी जुनं नातं आहे. २०१७ मध्ये तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड दिल्लीत विमानातून उतरेनात, पुढे चप्पल निघाली आणि देशभर नाव झालं. २०२२ मध्ये आमदार उतरले म्हणून नाव झालं. मतदारांनी धडा घेतला : उमेदवार कुठल्या पक्षातून उभा आहे यापेक्षा वेळ आली तर कुठे उतरेल, हे पाहायचं.

पुढच्या परीक्षेचा पेपर तर आणखी गमतीचा. लोकसभेला महायुतीची उमेदवारी अर्चना पाटील यांना, पक्ष अजित पवारांची राष्ट्रवादी, चिन्ह घड्याळ. पती राणाजगजितसिंह पाटील तुळजापूरचे भाजप आमदार, तेही २०१९ पर्यंत राष्ट्रवादीचेच. समोर ओमराजे, म्हणजे नात्याने दीर. पक्षवाढीबद्दल कुणी विचारलं तेव्हा उमेदवार बाईंनी सरळ सांगून टाकलं की राष्ट्रवादी त्यांनी कशाला वाढवायची, नवरा भाजपचा आमदार आहे. एवढं प्रांजळ उत्तर राजकारणात क्वचितच ऐकायला मिळतं. ३० एप्रिलला पंतप्रधानांची सभाही झाली. आणि ज्या घड्याळासाठी युतीच्या तिन्ही पक्षांनी हात जोडले होते, त्याच पक्षाबद्दल ऑगस्टमध्ये आरोग्यमंत्री तानाजी सावंत म्हणाले की मंत्रिमंडळात शेजारी बसतो, पण बाहेर आल्यावर उलट्या होतात. आरोग्य खातं त्यांच्याकडेच असल्याने औषधाची चिंता नव्हती.

नोव्हेंबरात विधानसभा. कैलास पाटील पुन्हा आले, चौगुले चार हजारांच्या आतल्या फरकाने पडले, सावंत दीड हजाराच्या काठावर तरले, राणाजगजितसिंह आरामात जिंकले. दोन इकडे, दोन तिकडे. कौल स्पष्ट आहे, असं चौघांनीही सांगितलं. मंत्रिपद मात्र जिल्ह्यात कुणालाच नाही. पालकमंत्री ठाण्याहून आले, प्रताप सरनाईक.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने याच निकालानंतर वेगळीच वाट धरली. आपल्या गावातले आकडे पटत नाहीत म्हणून ३ डिसेंबरला गावापुरतं कागदी मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. गंमत अशी की गावकऱ्यांचा उमेदवार उत्तमराव जानकर मतदारसंघात जिंकलेलाच होता. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस उतरले, मतदान झालं नाही, गुन्हे मात्र दाखल झाले. लोकशाहीत मत विचारायचा अधिकार सरकारचा. लोकांनी एकमेकांना विचारलं तर तो जमाव.

त्याआधी वर्षभर, २०२३ च्या ऑक्टोबरात, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या कित्येक वेशींवर नेत्यांना गावबंदीचे फलक लागले होते. कापडाचा तुकडा, चार ओळी, दोन खांब. खर्चाच्या मानाने इतका नेमका कौल कुठल्याही सर्वेक्षण कंपनीला साधलेला नाही.

सगळ्यात मजा खालच्या पायरीवर. नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीला संपली, जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर प्रशासक. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारीख, पुन्हा तारीख. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं; नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबरला आलं. म्हणजे जवळजवळ चार वर्षं या जिल्ह्याचा नागरिक देशाचा पंतप्रधान ठरवायला लायक होता, गटार कुणी उपसायचं हे ठरवायला नव्हता. निती आयोगाच्या यादीत हा जिल्हा २०१८ पासून ‘आकांक्षित’ आहे, ते खोटं नाही.

त्या डिसेंबरच्या प्रचारात एका गल्लीत पाच-सहा जण गमछे घालून शिरले. नळाच्या रांगेतल्या एका मावशींनी पुढच्याला विचारलं, ‘‘दादा, पाणी कवा सोडनार?’’

‘‘मावशी, दिल्लीत आपलंच सरकार, मुंबईत आपलंच. काळजी करू नका.’’

‘‘मग टँकर दिल्लीहून येनार का मुंबईहून, तेवढं सांगा. तसं भांडं लावते.’’