आधी खरवस, मग बाळ

म्हैस व्याली की तिच्या चिकासाठी आपण गवळ्याकडे आठवडाभर आधी वशिला लावतो, वर वेलची-केशर घालून खरवस करतो. सून बाळंत झाली की तिचा पिवळसर चीक मात्र ‘बाळाला जड’ म्हणून पिळून टाकायचा आणि मधाचं बोट चाटवायचं! वर्षाच्या आत मध नको, हे डॉक्टर कितीही सांगोत. आजीपुढे त्यांची पदवी ती काय?

१९९२च्या कायद्यानं तान्ह्यांच्या दूध पावडरीच्या डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे. ‘आईचं दूधच सर्वोत्तम’ असं तो डबा स्वतःच कबूल करतो. तरी खपतो बिचारा.

भिवंडीत यंत्रमागासाठी कांड्या भरणारीला सहा महिने निव्वळ अंगावर पाजायला सांगणं सोपं आहे. २०१७पासून २६ आठवड्यांची पगारी रजाही आहे, पण किमान दहा माणसांच्या आस्थापनेत. हिची आस्थापना म्हणजे ती, चरखा आणि झोळीतलं पोर. मजुरी भरल्या कांडीवर. पाजायला बसली की चरखा थांबला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो. व्याख्यान भर दुपारी कामाच्या वेळेतच ठेवावं, म्हणजे खुर्च्या कमी लागतील.