हिशेब फुकटात, कालवा कोटींत

मोताळ्याच्या शिवारात पडलेला पाऊस किती वाहून गेला, किती मुरला, कपाशीच्या मुळाशी किती उरला, हे आता पंचांगात शोधावं लागत नाही. जागतिक बँकेच्या कर्जावर 2018 साली ‘पोकरा’ हा राज्याचा शेतीप्रकल्प सुरू झाला, त्यात मोताळ्याचा बुलडाणा जिल्हाही होता. गावोगावचा पाण्याचा ताळेबंद मांडायला मुंबईच्या आयआयटीतल्या मंडळींनी एक प्लगइन लिहिलं आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर बसवलं. क्यूजीआयएस फुकट आहे. जगभरचे लोक 2002 पासून ते लिहिताहेत, काही देणग्यांवर, काही निव्वळ हौसेवर.

फुकट म्हटल्यावर साहेबलोकांचा चेहरा खुलतो. देखभालीचा खर्च म्हटल्यावर फाइल मिटते! त्यांचंही बरोबर आहे म्हणा. शेततळ्यापुढे उभं राहून फोटो काढता येतो; कोडमधली चूक दुरुस्त झाली, तर फीत कुठं बांधायची आणि नारळ कशावर फोडायचा?

अमेरिकाही यात मागे नाही. कृष्णविवराचा पहिला फोटो जगानं 10 एप्रिल 2019 ला पाहिला. त्यामागच्या आकडेमोडीत सायपाय हे फुकट सॉफ्टवेअर होतं. पाचच दिवसांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं सायपाय ज्या सॉफ्टवेअर-कुटुंबातलं, त्याच्यासाठीचा निधीचा अर्ज फेटाळला. कारण काय, तर प्रभाव पुरेसा नाही! कृष्णविवरापर्यंत पोचलेला प्रभाव बाबूंच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता.

आपल्याकडे निदान फुकट सॉफ्टवेअरला हात देणारा आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प केंद्राच्या शिक्षण खात्याच्या पैशावर चालतो. तिथल्या प्रभू रामचंद्रन यांचं ‘मायावी’ हे सॉफ्टवेअर परदेशातले शास्त्रज्ञही वापरतात. कौतुक करायला हरकत नाही, पण एवढ्या मोठ्या देशात बोट दाखवायला नावं फार नाहीत.

आता नदीजोड प्रकल्पात वैनगंगेचं पाणी गोसीखुर्द धरणातून सव्वाचारशे किलोमीटर चालून मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणात यायचं आहे. खर्च 80 हजार कोटींच्या वर. वाटेत किती मुरेल, कुणाला किती मिळेल, हा हिशेब संगणकावरच होणार. तेव्हा जलसंपदा खात्याला एक विनंती: तो हिशेब लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या चार माणसांचा दहा वर्षांचा पगार अंदाजपत्रकात आत्ताच घाला. सरासरी काढली, तर शंभर मीटर कालव्याच्या पैशात तो भागतो.