नाडी, वजाबाकी आणि १ जून

निफाडात पहाटे चालायला निघणाऱ्या नवशिक्याने आधी स्वतःचं वय काढावं. २२० मधून ते वजा केलं की मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, ते कळतं. एवढं सोपं आहे. अडचण वयाची. आधार कार्डावर १ जून असेल, तर ती तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी तुमच्या उंचीकडे बघून लिहिलेली आहे.

खचू नका. २२० चा जन्मदाखलाही तसाच आहे. १९७१ च्या सुमारास अमेरिकेत फॉक्स आणि मंडळींनी जुन्या पाहण्यांतले आकडे आलेखावर मांडले आणि मधून एक रेघ ओढली. म्हणजे तेही गुरुजीच! खऱ्या माणसाचे ठोके त्या रेघेपासून दहा-बारा इकडेतिकडे सहज असतात. आपले गुरुजी चुकून चुकले किती, दोन वर्षं.

आता लक्ष्य. वय ५८ धरा. कमाल १६२. बेताच्या व्यायामाला त्याचे ५० ते ७० टक्के, म्हणजे ८१ ते ११३. शेजारचे सर मात्र फिनलंडच्या कार्व्होनेनचा हिशोब लावतात: कमालीतून आरामातली नाडी, समजा ७२, वजा करा, उरलेल्या ९० चे टक्के काढा, ७२ परत मिळवा. तेच ५० टक्के ११७ वर जातात. एकाच्या मते थांबायची वेळ झाली, दुसऱ्याच्या मते अजून सुरुवातच नाही. बीपीची गोळी चालू असेल तर दोघांचंही ऐकू नका, काही गोळ्या ठोकेच कमी करतात, डॉक्टरांना विचारा.

यापेक्षा बोलून बघावं. चालताना लासलगावचा कांद्याचा भाव सांगता येतो, पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग बरोबर. भाव सांगतानाच धाप लागली तर हळू चाला. (भाव ऐकून वाढलेले ठोके व्यायामात धरत नाहीत.)

तरी मोजायचेच असतील तर अंगठ्याने नाही, त्याची स्वतःचीच नाडी उडते. दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली. पंधरा सेकंद मोजा, चौपट करा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर आलेला असतो, द्राक्षबागेत शेकोट्या धुमसतात, बोटं बधिर. हातमोजा काढा, लोकरीची बाही वर सारा. एक, दोन... सतरा, अठरा...

"राम राम! काय, घड्याळ बंद पडलं का?"

पुन्हा एकपासून.