राजुरीचे तांडेल

राजुरीहून समुद्र गाठायचा तर आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरावा लागतो आणि मग कल्याणच्या गर्दीतून वाट काढत मुंबई. तरी आमच्या गावात एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आहेत. हे नाव गावाने ठेवलेलं. पुण्यात बँकेत हयात काढून ते निवृत्तीनंतर गावी आले. त्यांच्या बरोबरीच्या कुणी गोठा काढला, कुणी कृषी पर्यटनाची पाटी लावली, कुणी नुसतंच पारावर बसून राजकारण केलं. यांनी मुंबईच्या बंदरात शनिवार-रविवारचा शिडाच्या होडीचा क्लास लावला.

‘लावला’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. ‘परत सुरू केलं’ म्हणायचं. कॉलेजात ते एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते, हे खरं आहे. व्हेलर नावाच्या लांबड्या होडीत कॅडेटांनी वल्ही मारायची आणि वाऱ्याची मर्जी असली तर शीड चढवायचं. पैकी वल्ह्यांनी हाताला पडलेले घट्टे त्यांना नीट आठवतात. शिडाचा तपशील मात्र दर दिवाळीला वाढतो. या वाणाच्या माणसाचं मर्म इथेच आहे. शिकाऊ माणसाला चुकायची मुभा असते आणि गप्प बसायची सक्ती. परतलेल्याला दोन्ही नको असतं, त्याला पहिल्या दिवसापासून सल्ला द्यायचा असतो.

क्लासमध्ये शिकवणारी मुलगी त्यांच्या धाकट्या लेकीहून लहान. ती ‘काका, डोकं खाली!’ म्हणून ओरडली तेव्हा काका तिला ‘आमच्या वेळी व्हेलरमध्ये...’ सांगत होते. वारा पाठीशी घेऊन होडी वळवली, की शीड या बाजूचं त्या बाजूला जातं आणि त्याच्या खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, झपकन फिरतो. त्याला समोरच्याची ज्येष्ठता कळत नाही. सोमवारी तांडेल कपाळावर टेंगूळ घेऊन डेअरीवर आले. ‘घाटात बिबट्या आडवा आला, करकचून ब्रेक मारला,’ म्हणाले. जुन्नर तालुक्यात हे कारण कुणालाही पटतं.

विद्या उपयोगात आणली पाहिजे म्हणून त्यांनी म्हशीचं दावं बोलाइन गाठीने बांधलं. ही गाठ खलाशांची लाडकी, कारण ओढ बसली तरी सरकत नाही आणि सोडायची म्हटली की अलगद सुटते. पहाटे गड्याने अर्धा तास झटापट केली आणि शेवटी विळा आणला. ‘तू उलट्या बाजूने सोडत होतास,’ हा तांडेलांचा निवाडा. गडी म्हणाला, ‘शेठ, मी नुसता कापत होतो.’

त्यांच्या मोबाइलमध्ये वाऱ्याचं अ‍ॅप आहे. सकाळी शेजाऱ्याला फोन जातो, ‘आज आठ नॉट्स!’ शेजारी टोमॅटोच्या बांधावर पंप पाठीला लावून उभा. ‘मग फवारणी करू का नको, तेवढं सांगा.’ आठ नॉट्स म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर, या वाऱ्यात औषध त्याच्या पिकावर कमी आणि भावकीच्या पिकावर जास्त पडणार. पण हा हिशेब तांडेलांच्या अ‍ॅपमध्ये नाही.

एकदा पारावर त्यांनी तत्त्व समजावलं. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जात नाही. साधारण पंचेचाळीस अंश डावीकडे जायचं, मग वळून तितकंच उजवीकडे, असं नागमोडी करत मुक्काम गाठायचा. म्हातारे अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, ‘म्हंजी जुन्नरला पंचायत समितीत जातो तसंच की. सरळ गेलं का कामच व्हत न्हाय.’ इतकं चांगलं मला त्या क्लासच्या पुस्तकातही सापडलं नाही.

समुद्राशी तुमचं नातं काय, असं विचारायची सोय नाही. शिवाजी महाराज १६३० साली शिवनेरीवर जन्मले, आरमार महाराजांनी उभारलं, तेव्हा आरमार मूळचं जुन्नरचं. त्याच्याही मागे सातवाहन, नाणेघाट, कल्याण-सोपाऱ्याची बंदरं आणि नाण्यावरचं दोन डोलकाठ्यांचं जहाज. ती नाणी बहुतेक पूर्व किनाऱ्याकडे, आंध्रात सापडतात असं मी सांगून पाहिलं. ‘एवढ्या लांब कशी गेली? जहाजानेच ना!’ दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्यांचा उल्लेखही ‘आमचे दोंदे’ असाच.

खरी अडचण तिथीने केली. एका शनिवारी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, ‘आज अष्टमी ना? मग दुपारी पाणी नसेल तुमच्या बंदरात.’ तांडेल हसले आणि गेले. दुपारी पोहोचले तर ओहोटी, धक्क्याशी चिखल. काकूंचं माहेर अलिबागकडचं. तिकडे पोराटोरांना ठाऊक असतं, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहा, म्हणजे दुपारी बारा वाजता तळ. चतुर्थीला तीन. आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण. तीस वर्षांच्या संसारात हे कधी बोलायची वेळ आली नव्हती, कारण पाण्याची चौकशी म्हणजे पुण्यात नळ कधी येणार आणि राजुरीत कालव्याचं आवर्तन कधी सुटणार एवढीच.

पुढच्या खेपेला, मे महिन्यात पावसाळ्यासाठी क्लास बंद होण्याआधी, काकूही गेल्या. डब्यात भाकरी, लसणाची चटणी. बसल्या आहात तर धरा, म्हणून त्या मुलीने काकूंच्या हाती सुकाणू दिलं. तांडेलांकडे शिडाची दोरी. दुपारचा वायव्येचा वारा, काकूंनी होडी खुंटीसारखी सरळ नेली, दोनदा वळवली, आणि ‘डोकं खाली’ हे वाक्य या वेळी त्याच म्हणाल्या. तांडेलांनी मुकाट ऐकलं.

येताना माळशेज चढेपर्यंत ते गाडीत गप्प. ओतूरला चहा घेताना एवढंच बोलले, ‘आज वारा तुला अनुकूल होता.’

होडी एकच होती, हे मला काकूंनी दुसऱ्या दिवशी विरजण मागायला आल्यावर सांगितलं.