शनिवारीही राबणारे कांदा धोरण

सरकारी कचेऱ्या शुक्रवारी संध्याकाळी ओस पडतात, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षे करत आलो. ती किती अन्यायाची आहे, हे कांद्याच्या निर्यातीकडे पाहिले की कळते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, तो शनिवार होता. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलरच्या खाली कांदा परदेशी पाठवायचा नाही असे ठरले, तोही शनिवार. ४ मे २०२४ रोजी निर्यातबंदी उठली आणि २२ मार्च २०२५ रोजी शुल्क रद्द झाल्याचे जाहीर झाले, तेही शनिवारीच. २०१९ ची बंदी तर २९ सप्टेंबरला, चक्क रविवारी आली. सातबाऱ्यावरचे चुकलेले नाव दुरुस्त करायला जिथे हेलपाटे घालावे लागतात, तिथे एका कंदासाठी सुट्टीवर पाणी सोडणारे अधिकारी आहेत, याचा नागरिक म्हणून आपल्याला अभिमान वाटायला हवा.

या धोरणाचा पहिला गुण म्हणजे त्याचा वेग. आदेश निघतो आणि तत्काळ लागू होतो. लासलगाव किंवा पिंपळगावहून निघालेला माल न्हावाशेवाच्या वाटेवर असतो, परदेशातल्या खरेदीदाराशी भाव ठरलेला असतो, आणि घाट उतरता उतरता त्या भावाला काही अर्थ राहत नाही. व्यापारी याला अनिश्चितता म्हणतात. हा संकुचित दृष्टिकोन झाला. आधी सूचना दिली असती, तर शेतकऱ्याने आणि निर्यातदाराने हिशेब मांडून ठेवला असता आणि नुकसान टाळले असते. नुकसान टळले, तर धोरणाचा परिणाम झाला हे ओळखायचे कसे?

पूर्वसूचनेची मागणी परदेशी पाहुण्यांनीही केली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा कांदा मिळेनासा झाल्याने स्वयंपाक्याला बिनकांद्याचे जेवण करायला सांगितल्याचे त्यांनी सभेत बोलून दाखवले, आणि पुढच्या वेळी आधी कळवत जा अशी विनंती केली. पुढची वेळ वर्षभराच्या आतच आली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी झाली, तीही न कळवता. पाहुण्याच्या विनंतीमुळे आपली परंपरा मोडू द्यायची नाही, हा बाणा आजकाल दुर्मीळ झाला आहे.

शेतकऱ्याच्या चारित्र्यावर या धोरणाने केलेले संस्कार मात्र थोडे सविस्तर पाहायला हवेत. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. पात पिवळी पडून मान मोडली की तो उपटायचा, शेतातच पातीखाली झाकून सुकवायचा, मान कापायची, बारीक कांद्याची गोल्टी वेगळी काढायची आणि उरलेला चाळीत भरायचा. चाळ म्हणजे दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशा फटी ठेवलेला आणि वरून शाकारलेला लांबट सांगाडा. पावसाळ्याची दमट हवा सुरू झाली की शेतकरी येता-जाता त्या फटींशी उभा राहून वास घेतो. एक कांदा सडला की त्याला पाणी सुटते, ते खालच्या थरात उतरते आणि शेजारचे कांदे नासू लागतात. काहींना कोंब येतात, जे चांगले राहतात त्यांचेही वजन घटते. भरलेल्या चाळीतला तिसरा हिस्सा दिवाळीपर्यंत असा गेला, तरी त्याचे कुणाला नवल वाटत नाही. एवढे सोसून तो थांबतो, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात आवक कमी होते आणि दोन पैसे वाढतात.

या थांबण्यात लोभ आहे, हे आपल्या धोरणकर्त्यांनी अचूक ओळखले. म्हणून भाव चढू लागला की त्याच आठवड्यात निर्यातीचे दार लोटले जाते. १९ ऑगस्टचा मुहूर्त बघा: चाळीत चार महिने जपलेला माल बाहेर काढायची वेळ. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांनी त्या वेळी लिलाव बंद ठेवून जो राग दाखवला, तो संस्कार नवे असताना होणारा त्रास होता. लगेच नाफेडमार्फत क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन खरेदीची घोषणाही झाली. देशातून वर्षाला २५ लाख टनांच्या आसपास कांदा बाहेर जात होता, त्यापुढे दोन लाख म्हणजे अगदीच थोडे नव्हे. नाफेडने घेतलेला कांदा पुढे किलोला २५ रुपयांनी शहरांत आला आणि बाजारभाव आणखी उतरायला त्याची मदत झाली. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कांद्यानेच शेतकऱ्याचा भाव पाडणे, यात जी काटकसर आहे ती अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

भाव उतरतो तेव्हा मात्र हेच सरकार बाजाराच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर करते आणि मध्ये पडत नाही. २०१८ च्या अखेरीस निफाडच्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. ते त्याने मनीऑर्डर करून पंतप्रधानांना पाठवून दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. हमाली, तोलाई, गाडीभाडे असे सगळे वजा होऊन पट्टीवर दोन रुपये आणि काही पैसे उरले. पैसे सोडून दिले आणि दोन रुपयांचा धनादेश त्याच्या हाती आला, तोही पुढच्या तारखेचा. कुणाला हे क्रूर वाटेल. पण त्याच्याकडून उलटे पैसे मागितले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. ग्राहक मोजतो त्या रुपयातले कांदा उत्पादकाला साधारण ३६ पैसेच मिळतात, असे रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासात निघाले. उरलेल्या ६४ पैशांवर मात्र आजवर कुठल्याही शनिवारी बंदी आलेली नाही.

८ डिसेंबर २०२३ पासून तर सरसकट निर्यातबंदीच झाली. ती ३१ मार्चला संपायची होती, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यापूर्वीच पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली, म्हणजे तारखेवर विसंबून बसलेल्यांनाही धडा मिळाला. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला बाहेर जायची परवानगी मिळाली. महाराष्ट्रात कुजबुज वाढल्यावर दोनच दिवसांत सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवता येईल, असे सांगण्यात आले. पुढे ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि तिच्यावर ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीत २० मे रोजी मतदान होते. शेतकऱ्याचे दुःख कळायला पाच महिने लागले, पण मतदानाला सोळा दिवस उरले असताना ते कळले, याला संवेदनशीलताच म्हणावे लागेल. दिंडोरीच्या मतदारांनी केंद्रातल्या राज्यमंत्र्यांना तरीही पराभूत केले, यावरून शेतकरी फार लवकर विसरतो हा समज तपासायला हवा.

शेजाऱ्यांवर केलेले उपकारही दुर्लक्षून चालणार नाही. आपण दार लावले त्या हंगामात पाकिस्तानचा कांदा आखाती आणि आग्नेय आशियाई बाजारांत जोमाने गेला. बांगलादेशाने स्वतःचे पीक वाढवण्यावर भर दिला आणि आपल्याकडून आयात करण्याचा प्रश्न आला की तिथेही आता शेतकऱ्याचा विचार होऊ लागला. इतक्या थोड्या खर्चात शेजारी राष्ट्राला स्वावलंबनाकडे नेणारे परराष्ट्र धोरण दुसरे दाखवा. आपली निर्यात २०२३-२४ मध्ये १७ लाख टनांवर आली. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क शून्य झाले आणि दार सताड उघडले, तेव्हा बाहेर पूर्वीइतके गिऱ्हाईक उभे नव्हते. गर्दी कमी करण्याचा हेतू असेल, तर तो साध्य झाला.

१९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीतले सरकार पाडले, तेव्हापासून प्रत्येक पक्षाला किलोमागची रक्कम पाठ आहे. म्हणून याचे खरे श्रेय आपल्यासारख्या ग्राहकांचे आहे. ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा वाटा एक टक्काही नव्हता. तरीही पिझ्झ्याच्या किमतीकडे न बघता आपण कांद्याच्या पावतीकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले, आणि आपल्या नाराजीने राज्यकर्त्यांची झोप उडवली. किलोला वीस रुपये वाचवण्यासाठी आपण चांदवड, येवला, कळवण, सटाण्याच्या घरांना जो त्याग करायला लावला, त्यात आपल्याला कणभरही त्रास झाला नाही.

एवढ्या यशस्वी धोरणाला एका पिकात कोंडून ठेवणे मात्र योग्य नव्हे. हिंजवडीतून आणि पवईतून दररोज संगणकीय सेवा परदेशात जातात, आणि देशातल्या छोट्या उद्योगांना कुशल अभियंता परवडत नाही अशी ओरड होते. तेव्हा पगार चढू लागले की या सेवांवरही ४० टक्के निर्यात शुल्क लावावे, तासाचा किमान दर डॉलरमध्ये ठरवून द्यावा आणि गरज पडल्यास सरसकट बंदी घालावी. पाच महिन्यांनी ती उठवताना पुण्यात मतदान कधी आहे ते पाहून घ्यावे. गृहकर्जाचे हप्ते डोक्यावर असलेला आपला नोकरदार वर्गही, देशातल्या इतरांना स्वस्त सेवा मिळावी म्हणून, निफाडच्या शेतकऱ्याइतक्याच समजूतदारपणे घरी बसेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.