काकांचं डायव्हर्सिफिकेशन

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला, दोन दिवसांत देशाला कुलूप लागलं आणि आमच्या निगडीचे काका गुंतवणूकतज्ज्ञ झाले. उभा जन्म पिंपरीला टाटा मोटर्सच्या शॉपफ्लोअरवर गेलेला. जॉबवर केसभर बर राहिली तरी परत पाठवणार. मेथीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घेणार.

भोसरीपासून चाकणपर्यंत सगळ्या लाइनी थंड. एप्रिलमध्ये बजाज ऑटोची देशात एकही गाडी विकली गेली नाही. चालू होता तो फक्त मोबाइल. त्यातच काकांनी डीमॅट उघडलं. ‘लोक घरात, म्हणजे नेट जोरात. आता फक्त टेक्नॉलॉजी आणि कम्युनिकेशन!’ विचारात खोट नव्हती म्हणा. त्याच एप्रिलमध्ये फेसबुकनेही जिओत ४३,५७४ कोटी ओतायचं ठरवलं. अमेरिकेत तर लोकांनी झूम समजून भलत्याच झूमचे शेअर उचलले, शेवटी तिथल्या नियामकाने त्याची खरेदी-विक्रीच थांबवली. काका यावर पोट धरून हसले.

मग त्यांची नजर टाटा टेलीसर्व्हिसेस (महाराष्ट्र)वर गेली. २०२० साली दोन-तीन रुपयांना मिळत होता तेव्हा ते त्याला ‘भंगार’ म्हणाले होते. २०२२ च्या जानेवारीत तो २९० ला टेकला, तेव्हा ‘क्वालिटी’ म्हणून घेतला. मोबाइलची गिऱ्हाइकं कंपनीने २०१९ लाच एअरटेलला देऊन टाकलेली, ताळेबंदात तोटा. पण मेथी निवडणाऱ्या माणसाने ताळेबंद कशाला उघडावा? ‘टाटा आहे, टेली आहे, वर महाराष्ट्र आहे. अजून काय पाहिजे?’

‘आणि टाटा मोटर्स?’ मी विचारलं. मार्च २०२० मध्ये पासष्टच्या आसपास होता, पुढच्या वर्षी पाचशेच्या वर गेला. काकांनी कीव केल्यासारखं पाहिलं. ‘जिथे रोज पंच केलं, तिथले शेअर घ्यायचे? डायव्हर्सिफिकेशन कळतं का तुला?’

त्याच जानेवारीत लोअर सर्किट सुरू झाली. रोज पाच टक्के खाली. विकणाऱ्यांची ही रांग, घेणारा औषधाला नाही. चाकणच्या मार्केट यार्डात कांदा मातीमोल झाला तरी कुणीतरी बोली लावतं. इथे काका सव्वानऊला ‘सेल’ दाबत आणि साडेतीनपर्यंत ‘पेंडिंग’ बघत बसत.

‘बंद पडलंय का हो ते?’ काकूंनी विचारलं.

‘छे,’ काका म्हणाले, ‘लाँग टर्म झालंय.’